बाभळीच्या काट्या अन् कलम 188

मंडळी, ग्रामपंचायतीनं बोलावलं म्हणून आलो, नाहीतर मी काही वक्ता नाही, तालुक्याच्या कोर्टात वकिली करतो. विषय दिला साथीचा रोग अन् आपले हक्क. तर मले पहिले आठवते कोरोनातली, एप्रिल 2020 मधली आपलीच वेस. बाभळीच्या काट्या तोडून रस्ता बंद केला होता, अन् तो सरकारनं नाही बाप्पा, आपणच. पुण्याहून आलेल्या पोरांले शाळेत 14 दिवस ठेवलं. ते बरोबरच होतं, आजही म्हणतो, कारण हा रोग अंगात असून दिसत नाही. पण एका पोराची माय आजारी होती, तो म्हणे दुरून पाहू द्या, तर नाही म्हटलं. कोणी म्हटलं, कोणत्या कागदावर? कोणालेच सांगता येईना.

आता कायदा पाहा. साथरोग कायदा 1897 चा, मुंबईच्या प्लेगसाठी घाईत केलेला, मुळात चारच कलमं. दुसऱ्यात सरकारले लागतील ते नियम करायची मुभा, तिसऱ्यात तो मोडला तर जुन्या दंड संहितेचं कलम 188, म्हणजे सरकारी हुकूम मोडल्याचा गुन्हा, चौथ्यात अधिकाऱ्यानं चांगल्या हेतूनं केलं तर त्याच्यावर केस नाही. आता यात तुमचं-माह्यं कलम शोधा. हुकूम किती दिवस, चुकला तर दाद कुठं मागायची, काहीच नाही. त्याच वर्षी पुण्यात प्लेगचा अधिकारी रँड याचे सोल्जर लोकाच्या घरात, पार देवघरापर्यंत शिरले, 22 जूनले चाफेकरांनी त्याले गोळ्या घातल्या, हे आपण शाळेत पाठ केलं. कायदा मात्र तसाच राहिला, अन् मार्च 2020 मधे आपल्यावर पुन्हा तोच लावला.

लॉकडाऊन वेगळा, तो 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानं. घरात कापूस पडून, सरकारी खरेदी बंद, अन् बाहेर निघालं की 188. लोक म्हणत, वकीलसाहेब कबूल करून दंड भरून टाकतो. अरे थांब ना! 188 मधे नुसत्या पोलिसाच्या कागदावर कोर्टाले दखल घेता येत नाही, ज्याचा हुकूम मोडला त्या अधिकाऱ्याची नाहीतर त्याच्या वरच्याची लेखी तक्रार लागते. 1 जुलै 2024 पासून 188 च्या जागी न्याय संहितेचं 223 आलं, तरी ही अट आहेच.

2 मे 2022 ले सुप्रीम कोर्टानं सांगितलं की कोणालेच जबरदस्तीनं लस टोचता येत नाही. लस नको म्हणणाऱ्यांनी लगेच टाळ्या वाजवू नका, मी स्वतः घेतली, अन् त्याच निकालात आहे की लोकाच्या आरोग्यासाठी सरकार बंधनं घालू शकते, फक्त ती प्रमाणात पाहिजे. प्रमाण मोजायचं तर हुकूमावर कारण पाहिजे, शेवटची तारीख पाहिजे. फेब्रुवारी 2021 मधे अमरावतीत लॉकडाऊन लागला तो आठवड्याचा होता, पुढं वाढवला, पण वाढवायले पुन्हा कागद काढावा लागला ना. आपल्या काट्यांले तारीखच नव्हती, पहिल्या पावसात सडल्या तेव्हा रस्ता मोकळा झाला.

काकाजी, हात केव्हाचा वर आहे तुमचा. त्या वेशीवर रात्रपाळी तुम्हीच केली होती, बोला.