बाथरूमची खिडकी: उघडी किती राहते?

आधी मीच विचारते. आत्ता तुमच्यापैकी कुणाकुणाच्या बाथरूमची खिडकी उघडी आहे? चार हात. बरं, एक अर्धा. बाकीच्यांची बंद, आणि कारणंही मला पाठ आहेत: समोरच्या विंगमधून दिसतं, डक्टमधली कबुतरं आत येतात, पाऊस येतो. म्हणजे खिडकी घेताना तुम्ही ती बंद असताना कशी दिसेल ते पाहिलंत. उघडी कशी राहील, ते पाहायचं राहून गेलं.

कोकणात आमच्या आजोळी न्हाणीघराला खिडकीच नव्हती. भिंत आणि कौलं यांच्यात वीतभर मोकळी जागा होती, तेवढ्यावर भागायचं. चुलीवर पाण्याचा हंडा, धूर आणि वाफ दोन्ही त्या फटीतून बाहेर. फ्लॅटमध्ये आपण खालपासून वरपर्यंत टाइल्स लावल्या, वर फॉल्स सीलिंग केलं, दाराला रबर लावलं. मग दोन महिन्यांत छताच्या कोपऱ्यात काळी बुरशी धरली की रंगाऱ्याला बोल लावायचा.

बुरशी परवडली. गॅस गीझर त्याच खोलीत असेल तर प्रश्न जिवाचा होतो. थंडीत बातम्या वाचता ना तुम्ही? जळायला हवा लागते. दार-खिडकी बंद, गीझर चालू, खोलीतला प्राणवायू कमी होत जातो, गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणसाला आधी गरगरतं, मग कडी काढायचंही त्राण उरत नाही. म्हणून गॅस गीझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत. खिडकी मोठी आहे म्हणून आत लावू का, असं मला दर थंडीत कुणीतरी विचारतं. नाही. कारण थंडी वाजली की तुम्ही ती लावून घेणार.

आता माप. राष्ट्रीय इमारत संहिता, 2016 ची, बाथरूमला बाहेरच्या हवेत उघडणारी किमान 0.37 चौरस मीटर जागा सांगते. म्हणजे साधारण 4 चौरस फूट, दोन बाय दोनची खिडकी. पण त्या दोन बाय दोनमध्ये स्लायडिंग बसवलीत की एका वेळी अर्धीच उघडते. कागदावर चार फूट, हवेला दोन. शिवाय खालच्या ट्रॅकमध्ये साबणाचं पाणी आणि केस साचतात ते वेगळंच. हॉलमध्ये स्लायडिंग खुशाल घ्या, इथे नको.

लूव्हर्स, म्हणजे काचेच्या आडव्या पट्ट्या, जवळजवळ पूर्ण उघडतात. पट्ट्या बाहेरच्या बाजूला उतरत्या ठेवल्या तर साधा पाऊस आत येत नाही. तोटे दोन. प्रत्येक पट्टी पुसावी लागते. आणि क्लिपमधून पट्टी सरकवून काढता येते, हे चोरालाही माहीत असतं. तळमजल्यावर ग्रिल हवंच. माझी पहिली पसंती टॉप हंगला. बिजागरी वर, खालून बाहेर ढकलायची, काचच छज्जाचं काम करते, त्यामुळे भर जुलैतही चार बोटं उघडी ठेवता येते. फक्त ग्रिल आणि कबुतरांची जाळी आतून घ्यावी लागते, आणि काचेची बाहेरची बाजू पुसायला हात पोचत नाही.

आता काच. हे दोन तुकडे पुढे द्या, आणि तो पाण्याचा मगही. एक सँडब्लास्ट केलेली, म्हणजे वाळूच्या माऱ्याने एका बाजूने खरखरीत केलेली दुधी काच, दुसरी पिनहेड, म्हणजे बारीक ठिपक्यांची नक्षी असलेली. दुधी काचेच्या खरखरीत बाजूवर ओलं बोट फिरवा. दिसला पलीकडचा हात? बारीक खड्ड्यांत पाणी भरलं की काच पारदर्शक होते. खरखरीत बाजू आत ठेवली तर आंघोळीच्याच वेळी आडोसा जातो. पिनहेडची नक्षी ठसठशीत असते, ओली झाली तरी बरीचशी टिकते. गुळगुळीत बाजू आंघोळीच्या बाजूला, हे मिस्त्रीला उभं राहून सांगा.

आणि आरशासारखी रिफ्लेक्टिव्ह काच? ती मी स्वतःच्या घरात लावली होती. दिवसा काय ऐट! पहिल्याच संध्याकाळी नवरा खाली भाजी घेऊन उभा, फोनवर म्हणाला, "अगं, दिवा बंद कर आधी." जिथे उजेड कमी, तिथून जास्त उजेडाकडचं दिसतं. रात्री दिवा आत असतो. महिन्याभरात काच बदलली.

एक्झॉस्ट फॅन खिडकीच्या काचेतच वरच्या कोपऱ्यात घ्या, पण खिडकी उघडी असताना तो शेजारचीच हवा ओढून बाहेर फेकतो, खोलीतली वाफ तशीच राहते. फॅन चालू केलात की खिडकी बंद करा आणि दाराखाली बोटभर फट ठेवा. आणि काच टफन्ड, म्हणजे तापवून कडक केलेली, घेणार असाल तर फॅनचं भोक टफन्ड करण्याआधी पाडून घ्यावं लागतं. नंतर ड्रिल लावलं की अख्ख्या काचेचा चुरा. तेव्हा आधी फॅन विकत आणा, त्याचं माप घ्या, मग काचवाल्याकडे जा.

ते काका, मगाशी अर्धा हात वर करणारे, तुमची स्लायडिंग ना?