चार टनांचं अंगण

[पहाट. गेटबाहेर ओळीने उभे तीन टेम्पो. लांबून ट्रकचा हॉर्न.]

सोलापूरच्या मार्केट यार्डात कांद्याची आवक वाढली की हैदराबाद रोडला झोप नसते. पुण्याहून हैदराबादला जाणारा ६५ नंबरचा महामार्ग या शहरातून जातो, विजयपूरला जाणारा ५२ नंबरचाही इथलाच. एवढ्या गाड्या म्हटल्यावर बिघाड आलेच, आणि बिघाडामागोमाग मिस्त्री.

हे घर अशाच एका मिस्त्रींचं. मागे दोन खोल्या, पुढे ऐसपैस अंगण. या अंगणात गेली तीस वर्षं एकाच पद्धतीने काम चाललं. जॅक लावायचा, लाकडी ठोकळे सारायचे, जमिनीवर जुनी सोलापुरी चादर अंथरायची आणि पाठीवर सरकत गाडीखाली शिरायचं. त्या चादरीचा मूळ रंग कोणता, हे आता घरात कुणालाच सांगता येत नाही.

एके दिवशी जॅक कलला. गाडी धाडकन ठोकळ्यावर बसली. मिस्त्री वीतभर बाजूला होते म्हणून निभावलं. रात्री ताट वाढताना बायको एवढंच म्हणाली, "अहो, बास करा की आता."

मग गाडी वर उचलून धरणारी लिफ्ट घ्यायचं ठरलं. दोन खांबांची, चार टन उचलणारी.

[अंगणातला जुना कोबा. त्यावर वाळत घातलेल्या कुरडया.]

लिफ्ट विकणारा येऊन बघून गेला. म्हणाला, "आहे त्या कोब्यावर बसवून देतो, दोन दिवसांत काम." मिस्त्रींनी मान डोलावली, पण तो गेल्यावर ड्रिल मशीन काढलं आणि कोपऱ्यात एक भोक मारून पाहिलं. दोन इंचांवर ड्रिल एकदम आत गेलं. बिट बाहेर काढलं, तर टोकाला काळी माती.

आमच्या मते या सगळ्या गोष्टीतला सगळ्यात शहाणा खर्च हाच. एक भोक.

कारण या लिफ्टची खरी परीक्षा जमिनीत असते. गाडी तोलणारे हात खांबांच्या आतल्या बाजूला. त्यामुळे वजन खांबाला नुसतं खाली दाबत नाही, आतही ओढतं. खांब आत झुकू पाहतो आणि त्याच्या बाहेरच्या अंगाचे बोल्ट उपटून वर यायला बघतात. ते धरून ठेवायचे काँक्रीटने. दोन इंचांचा कोबा काय धरणार? त्यात खाली काळी माती. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आटून तिला बोट जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर ओतलेला पातळ थर आज ना उद्या हलणारच.

तेव्हा कोबा फोडला. तीन फूट माती काढून टाकली, मुरूम भरला, पाणी मारून थरावर थर धुमसला. त्यावर सळयांची जाळी आणि आठ इंच काँक्रीट. माल एकास एक, दोन: एक घमेलं सिमेंट, एक वाळू, दोन खडी. गवंडी म्हणाला, "मालक, हितं गाडी ठेवणार का गोपुर बांधणार?"

[ओली पोती. रबरी पाइप. माथ्यावर ऊन.]

काम निघालं नेमकं मे महिन्यात. पारा चाळिशीच्या पुढे. काँक्रीटला पुरती ताकद यायला २८ दिवस लागतात असं धरतात, आणि सुरुवातीचे दिवस ते ओलं राहायला हवं, नाहीतर वरून वाळून तडकतं. आता सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, हे सोलापूरकरांना आम्ही काय सांगावं! कपडे धुतलेलं, भांडी विसळलेलं पाणी बादलीत साठवून बाई दिवसातून चार वेळा पोती भिजवत होत्या. कुरडया त्या वर्षी गच्चीवर गेल्या.

मधल्या काळात बाकीची जुळवाजुळव झाली. वेगळं थ्री फेज कनेक्शन घेतलं. पत्र्याची शेड सोळा फुटांवर नेली. हिशोब सरळ आहे: टेम्पो साडेसात फूट उंच, त्याला सहा फूट वर उचलायचं, म्हणजे टप पत्र्याला लागता कामा नये. त्याच कारणाने दोन खांबांना वरून जोडणारी आडवी पट्टी असलेली लिफ्ट घेतली नाही. इथे दोन्ही बाजू सारख्या ठेवणाऱ्या वायर दोऱ्या खालून, जमिनीवरच्या पट्टीखालून जातात.

खांब उभे करायच्या दिवशी घरी लग्नघर. पुतण्या लेव्हल नळी धरून या टोकाला, मिस्त्री त्या टोकाला. पाणी दोन्हीकडे सारखं येईना, एका खांबाखाली पातळ पत्रे सारावे लागले. एकेका खांबाला पाच बोल्ट. भोक पाडलं की आतली भुकटी काढायची, नाहीतर बोल्ट धरतो असं वाटतं आणि धरत नाही. त्यासाठी मिस्त्रींनी सायकलचा पंप घेतला. नळी भोकात, दोन दणके, पांढरा धुरळा थेट पुतण्याच्या तोंडावर.

"काका, सांगून तरी मारा की!"

"तू तोंड कशाला घालतोयस बे तिथं?"

[पहिली गाडी. चार हात चॅसीखाली सरकतात.]

पहिला आला एक टाटा ४०७ टेम्पो. मागे कांद्याच्या पिशव्या तशाच. मिस्त्रींनी गेटातूनच परत पाठवला, "माल उतरवून ये." रिकामा ४०७ दोन-अडीच टनांचा, तो लिफ्टच्या आवाक्यात. माल भरला की वजन दुपटीच्या आसपास जातं, शिवाय सगळा भार मागे सरकतो आणि तोल जातो.

दुपारी तो रिकामा होऊन आला. रबरी टेकू चॅसीच्या पट्टीखाली बसवले. चाकं वीतभर सुटल्यावर मिस्त्री थांबले, टप धरून गाडी गदागदा हलवून पाहिली. मग पुढे. वर जाताना दोन्ही खांबांतून आवाज येतो: कट्… कट्… कट्. तो गाडीला खाली घसरू न देणाऱ्या लॉकचा. एका बाजूचा ऐकू आला नाही तर काम तिथेच थांबवायचं. हवी ती उंची आली की गाडी थोडी खाली सोडून लॉकवर टेकवायची. मोटर आणि तेल गाडी वर नेतात, पण माणूस खाली उभा असताना ती लोखंडावर बसलेली हवी.

[गेटबाहेर हवेच्या ब्रेकचा फुस्स आवाज.]

संध्याकाळी दहाचाकी आला. क्लचचं काम. त्याला उचलायला चाकांपाशी लावायचे फिरते खांब लागतात, चार-सहा खांबांचा अख्खा संच. तो घ्यायचा तर घर विकावं लागेल, असं मिस्त्री हसत म्हणतात.

नव्या लिफ्टकडे पाठ करून त्यांनी खुंटीवरची चादर काढली, रस्त्याच्या कडेला झटकली आणि ट्रकखाली अंथरली.

"बॅटरी दे रे," आतून आवाज आला.