ऑनलाइन ओटी-फिजिओ: फोन मुलाच्या तोंडासमोर धरू नका!

नमस्कार मंडळी! मागच्या व्हिडिओखाली पुन्हा तोच प्रश्न, "ताई, मुलाला हात न लावता थेरपी होते तरी कशी?" चला, आज बोलूनच टाकू.

बेसिक पटकन उरकते. ओटी म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी, रोजची कामं जमावीत म्हणून: जेवण, कपडे, लिहिणं, खेळणं. फिजिओ म्हणजे मान धरणं, बसणं, उभं राहणं, चालणं. पहिली तपासणी शक्यतो प्रत्यक्षच करा, कारण स्नायू किती कडक आहेत ते हातालाच कळतं. सीपीच्या (सेरेब्रल पाल्सी, मेंदूला इजा झाल्याने हालचालींवर नीट ताबा नसणं) मुलाच्या खुब्याचा एक्स-रे, एएफओ (घोटा आणि पाऊल नीट धरून ठेवणारा) बूट नीट बसतोय का, हेही ऑनलाइन होत नाही. जवळ कोणी थेरपिस्ट नसेल तर जिल्हा रुग्णालयात डीईआयसी (मुलांच्या तपासणीची आणि थेरपीची सरकारी जागा) आहे का विचारा. बऱ्याच जिल्ह्यांत असते, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातली, १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी, आणि पैसे लागत नाहीत. तिथे तपासून घ्या, मधल्या आठवड्यांत ऑनलाइन. झालं.

आता माझं डोकं फिरवणारी गोष्ट. फोन! सेशन सुरू झालं की आई फोन मुलाच्या तोंडासमोर धरते, "मॅडमना हाय कर". अहो, चेहरा बघून मी काय करू, मला कंबर दाखवा! फोन आडवा करा, पिठाच्या डब्याला टेकवून जमिनीवर ठेवा, सहा-सात फूट लांब, मूल बाजूने दिसेल असा. कंबर मागे कलंडली की पाठीला पोक येतो आणि हात पुढे जात नाही, आणि हे समोरून दिसतच नाही.

चालताना बघायचं असेल तेव्हा समोरूनही दाखवा आणि बाजूनेही. समोरून गुडघे एकमेकांवर आपटतायत का ते दिसतं, बाजूने आधी टाच टेकते की चवडा ते दिसतं. हाफ पँट घाला. सैल पायजम्यात मला फक्त पायजमा दिसतो! आणि खिडकी मुलाच्या पाठीमागे नको, नाहीतर सगळी काळी सावली.

आणि "ताई, तो स्क्रीनसमोर बसतच नाही", अहो बसूच नये! कानात इअरफोन घाला, मी तुमच्याशी बोलते, मुलाशी तुम्ही खेळा, त्याला फोन दिसलाच नाही तर सोन्याहून पिवळं. फोन मुलाकरता नाहीये, तुमचे हात मला दिसावेत म्हणून आहे.

एक मुलगा क्लिनिकमध्ये चमचा मस्त धरायचा, घरी मात्र सगळी आमटी अंगावर. आईने जेवतानाचा व्हिडिओ पाठवला, तर बाळराजे उंच पलंगाच्या कडेला, पाय लोंबकळत! सगळी ताकद खाली पडू नये म्हणूनच जात होती, हाताला काय उरणार. बुटकी खुर्ची आणली, पायाखाली पाट ठेवला, सांडणं बरंच कमी झालं. क्लिनिकमध्ये मला तो पलंग कधी दिसला असता सांगा!

एका भाऊंची कॉमेंट, "सगळं आम्हीच करायचं तर फी निम्मी करा." भाऊ, कणिक मळायला देणं, कपड्यांचे चिमटे लावायला देणं, शर्टाची बटणं, हे तुम्हीच रोज करायचंय. क्लिनिकमध्ये आलात तरी घरी तेच करायला लागतं. आणि ऑनलाइनला माझं डोकं दुप्पट चालतं, हात बांधलेले असतात ना.

बरं, फिट येणारं मूल असेल तर थेरपिस्टला आधीच सांगा, घरचा पत्ता आणि जवळच्या दवाखान्याचा नंबर देऊन ठेवा. उभं राहायचे व्यायाम असतील तर घरात दुसरं मोठं माणूस हवंच, एका हातात फोन आणि दुसऱ्या हातात मूल असला प्रकार नको. अमेरिकेतल्या ताईंनो, तिकडे त्या त्या राज्याचं लायसन्स लागतं, त्यामुळे मला मेसेज करू नका, तिथलाच थेरपिस्ट गाठा.

कॉमेंटमध्ये मुलाचं वय आणि अडचण लिहा, पण व्हिडिओची लिंक टाकू नका हं, मागे कोणीतरी टाकली होती, मी लगेच उडवली. आपल्या पोराचा अर्ध्या कपड्यातला व्हिडिओ सगळ्या जगाने कशाला बघायचा!