किल्ली ज्याच्या हाती, नियम त्यालाही

[दृश्य : पणजी, पाटो परिसर. पावसाळी सकाळ.]

पणजीच्या पाटोवर मुख्य कार्यालय आणि वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत कारखाना, अशी मांडणी गोव्यात नवी नाही. हिशेब, साठा आणि हजेरी यांची माहिती या दोन ठिकाणांमध्ये दिवसभर ये-जा करते, आणि ती सार्वजनिक इंटरनेटवरून जात असल्यामुळे दोन्ही टोकांच्या सर्व्हरमध्ये व्हीपीएनचा, म्हणजे खासगी जोडणीचा, कूटबद्ध बोगदा उभारावा लागतो. पावसाळ्यात वीज गेली की हा बोगदा कोसळतो आणि वीज आली की पुन्हा उभा राहतो. त्यासाठी कोणी उठून सर्व्हरपाशी जात नाही. हे काम मुकाट्याने करणारी व्यवस्थापन प्रोसेस (सर्व्हरवर चालू असलेला प्रोग्राम) आणि तिला बांधून ठेवणारे नियम हा या माहितीपटाचा विषय आहे.

लिनक्स या कार्यप्रणालीवर आयपीसेक पद्धतीचा व्हीपीएन चालतो तेव्हा कामे वाटलेली असतात. लिब्रेस्वान या सॉफ्टवेअरमधील प्लूटो नावाची सेवा यूडीपी या संदेशपद्धतीच्या ५०० आणि ४५०० क्रमांकांच्या पोर्टवरून, म्हणजे नेटवर्कच्या दारांवरून, समोरच्या टोकाची ओळख पटवते आणि किल्ल्या ठरवते. माहितीचे कूटबद्धीकरण प्रत्यक्षात कर्नेल, म्हणजे लिनक्सचा गाभा, करतो. सेवा सुरू करणे व थांबवणे, संरचनेची फाइल तपासणे, कर्नेलची मॉड्यूल चढवणे, नेटवर्कचे मार्ग बदलणे ही सगळी उठाठेव मात्र व्यवस्थापनाच्या प्रोसेसकडे असते. हल्लेखोराच्या दृष्टीने हीच जागा मोलाची आहे, कारण बोगद्यातून जाणारी कूटबद्ध माहिती फोडणे अतिशय कठीण असते, तर बोगद्याची व्यवस्था पाहणारा प्रोग्राम हाती लागला की काही फोडावे लागतच नाही. जानेवारी २०२४ मध्ये इव्हांती कंपनीच्या व्हीपीएन उपकरणांतील दोन त्रुटी उघड झाल्या. पहिलीमुळे ओळखतपासणी चुकवता येत होती आणि दुसरीमुळे उपकरणावर हवी ती आज्ञा चालवता येत होती. दोन्ही त्रुटी उपकरणाच्या वेब घटकांत होत्या, कूटबद्धीकरणात नव्हे. अमेरिकेच्या सायबर सुरक्षा संस्थेने तेथील केंद्रीय कार्यालयांना ही उपकरणे नेटवर्कपासून तोडण्याचा आदेश दिला होता.

[दृश्य : सर्व्हर कक्ष. पडद्यावर चालू प्रोसेसची यादी.]

लिनक्सने उचललेल्या युनिक्सच्या जुन्या पद्धतीत फाइल कोणी वाचावी हे फाइलचा मालक ठरवतो आणि रूट या सर्वाधिकारी खात्याला कोणी अडवत नाही. व्यवस्थापनाची प्रोसेस बहुधा रूटच्याच अधिकाराने चालते, त्यामुळे तिच्यातील एक त्रुटी म्हणजे अख्खा सर्व्हर. सक्तीच्या प्रवेशनियंत्रणात विचाराची दिशा बदलते. गोव्यातील देवस्थानांत महाजन, म्हणजे देवस्थानाचा हक्कदार सदस्य, कितीही वजनदार असला तरी खजिन्याचा व्यवहार नियमावलीप्रमाणे आणि निवडून आलेल्या समितीमार्फतच होतो. त्याची वैयक्तिक इच्छा तेथे चालत नाही. इथेही प्रोसेस कोणाच्या नावाने चालते यापेक्षा तिचे नेमून दिलेले काम कोणते, याला महत्त्व आहे, आणि धोरणात, म्हणजे आधीच लिहून ठेवलेल्या नियमसंचात, न लिहिलेली परवानगी रूटलाही मिळत नाही.

ही कल्पना लष्करी दस्तऐवजांच्या गोपनीयतेतून आली आणि १९७३ मध्ये बेल व लापाड्युला या संशोधकांनी तिला गणिती रूप दिले. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने लिनक्सवर हीच सक्ती लागू करणारे एसई-लिनक्स डिसेंबर २००० मध्ये मुक्त स्रोत म्हणून प्रसिद्ध केले आणि २००३ मध्ये ते लिनक्स कर्नेलच्या २.६ आवृत्तीत सामील झाले. हेरगिरी करणाऱ्या संस्थेचे काम म्हणून त्याकडे संशयाने पाहणारे आजही भेटतात. मात्र त्याचा स्रोत दोन दशकांहून अधिक काळ सर्वांसमोर उघडा आहे, हेही लक्षात घ्यायला हवे.

एसई-लिनक्समध्ये प्रत्येक फाइलला आणि प्रत्येक प्रोसेसला लेबल असते. आयपीसेकचे व्यवस्थापन करणारी प्रोसेस 'आयपीसेक_एमजीएमटी_टी' या लेबलाखाली चालते, प्लूटो 'आयपीसेक_टी' या वेगळ्या लेबलाखाली चालतो, आणि गुप्त किल्ल्यांच्या फाइलींना 'आयपीसेक_की_फाइल_टी' असे लेबल असते. किल्ली हाताळणे हा ज्याच्या कामाचाच भाग आहे त्याच्यापासून ती लपवता येत नाही. म्हणून धोरण त्याच्याभोवतीचे कुंपण आवळते: व्यवस्थापनाच्या प्रोसेसला पासवर्डचे ठसे असलेली शॅडो फाइल वाचता येत नाही, किंवा वेब सर्व्हरच्या पानांत काही लिहिता येत नाही. उलट बाजूने, त्याच यंत्रावरचा वेब सर्व्हर हल्लेखोराच्या ताब्यात गेला तरी त्याला व्हीपीएनच्या किल्ल्यांना हात लावता येत नाही.

[दृश्य : पडद्यावर नकाराची नोंद.]

प्रत्यक्षात घडते ते असे. चवथीच्या सुट्टीआधी तंत्रज्ञ घाईघाईने नवे प्रमाणपत्र (ओळख पटवणारी डिजिटल फाइल) आपल्या होम फोल्डरमधून आयपीसेकच्या फोल्डरमध्ये हलवतो. फाइल कॉपी केली असती तर तिला नव्या जागेचे लेबल मिळाले असते. हलवल्यामुळे ती जुने लेबल घेऊनच येते. फाइलचे मालक, परवानग्या आणि मजकूर अगदी बिनचूक असूनही बोगदा उभा राहत नाही. इंटरनेटवर शोधले की पहिला सल्ला एसई-लिनक्स बंद करण्याचा मिळतो, आणि तो पाळला की बोगदा खरोखरच उभा राहतो. संरक्षण त्या दिवशी जाते आणि सहसा परत येत नाही. ऑडिट लॉगमध्ये, म्हणजे यंत्राच्या सुरक्षा नोंदवहीत, मात्र कोणत्या लेबलाच्या प्रोसेसला कोणत्या लेबलाच्या फाइलबाबत कोणती कृती नाकारली, हे स्पष्ट लिहिलेले असते. रिस्टोअरकॉन ही एक आज्ञा लेबल पूर्ववत करते. दोष खरोखर धोरणातच असेल, तर केवळ व्यवस्थापनाचे लेबल परमिसिव्ह करता येते, म्हणजे त्याला अडवले जात नाही, नोंद मात्र होते, आणि बाकीच्या यंत्रावर सक्ती कायम राहते. नकारांच्या नोंदींवरून नवे नियम आपोआप लिहून देणारे ऑडिट-टू-अलाऊ हे साधनही आहे, परंतु त्याने सुचवलेला प्रत्येक नियम न वाचता स्वीकारणे म्हणजे हल्लेखोराने केलेल्या प्रयत्नालाही परवाना देणे होय.

या व्यवस्थेला मर्यादाही आहेत. कूटबद्धीकरण कर्नेलमध्ये होते आणि धोरणाची अंमलबजावणीही कर्नेलच करतो, त्यामुळे कर्नेलमधीलच त्रुटीपुढे लेबल निरुपयोगी ठरते. शिवाय प्रचलित धोरणात प्रशासकाचे स्वतःचे सत्र अनकन्फाइन्ड, म्हणजे निर्बंधांबाहेर असते, आणि त्याने सेवा सिस्टमडी या सेवा सांभाळणाऱ्या प्रोग्राममार्फत सुरू न करता हाताने चालवली तर ती अनेकदा त्याच मोकळ्या लेबलाखाली चालत राहते. पीएस या आज्ञेला झेड पर्याय जोडून चालू प्रोसेसचे लेबल पाहणे ही अर्ध्या मिनिटाची तपासणी आहे, तरी ती फारशी कोणी करत नाही.

नोंदींचा एक कायदेशीर पैलूही आहे. सर्ट-इन या भारत सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार संगणक प्रणालींचे लॉग १८० दिवस भारतात जपून ठेवावे लागतात आणि निर्देशांत दिलेल्या प्रकारच्या सायबर घटना सहा तासांत कळवाव्या लागतात. ऑडिट सेवेची मूळ संरचना मात्र प्रत्येकी ८ मेगाबाइटच्या ५ फाइलीच ठेवते आणि त्या भरल्या की जुन्या नोंदी पुसून टाकते, म्हणून वेर्ण्याच्या यंत्रावरील नोंदी पणजीतील वेगळ्या सर्व्हरवर पाठवाव्या लागतात. त्या याच बोगद्यातून जातात. बोगदा बंद असतानाच्या नोंदी तपासाला सर्वांत उपयोगी असतात, त्यामुळे तेवढ्या काळासाठी स्थानिक डिस्कवर रांग ठेवण्याची सोय पहिल्याच दिवशी करून घ्यावी लागते.