ओस्कार्सबोर्ग: चिंचोळ्या वाटेवरचा पहारा

नॉर्वेतील ड्रोबाक गावाच्या धक्क्यावरून फेरीबोट सुटते आणि काही मिनिटांतच काहोल्मेन बेटांवरची ओस्कार्सबोर्ग किल्ल्याची तटबंदी समोर येते. राजधानी ऑस्लोकडे जाणारा जलमार्ग इथे कमालीचा अरुंद होतो.

किल्ल्यात आल्यावर नजर साहजिकच तोफांकडे वळते. पण त्याआधी पश्चिमेकडचे पाणी न्याहाळावे. त्या पाण्याखाली १८७० च्या दशकात दगडी बांध घालून मोठ्या जहाजांची ती वाट कायमची बंद करण्यात आली, आणि त्यामुळे प्रत्येक युद्धनौकेला पूर्वेकडच्या मार्गाने, तोफांच्या अगदी समोरून जाणे भाग पडले. या किल्ल्याची खरी ताकद तोफांइतकीच या बांधात आहे.

तोफा तीन आहेत. जर्मनीतील क्रुप कारखान्यात ओतलेल्या, २८ सेंटीमीटर व्यासाच्या या तोफा १८९३ मध्ये येथे बसवल्या गेल्या. त्यांची नावे मोझेस, आरोन आणि योसुआ. किनाऱ्यावर उतरवताना समुद्रात पडलेली एक तोफ पुन्हा वर काढली, म्हणून बायबलमधील पाण्यातून बाहेर काढलेल्या बाळाच्या नावावरून ती मोझेस झाली, असे सांगतात.

९ एप्रिल १९४० च्या पहाटे ‘ब्ल्यूखर’ ही जर्मन क्रूझर (मोठी युद्धनौका) नॉर्वेवर चाल करणारे सैन्य घेऊन याच मार्गाने आली. वरिष्ठांकडून स्पष्ट आदेश नव्हता आणि अंधारात येणारी जहाजे कोणाची आहेत, हेही निश्चित ठाऊक नव्हते. तरीही किल्लेदार कर्नल बिर्गर एरिक्सन यांनी मारा करण्याचा हुकूम दिला. हाताशी माणसे इतकी थोडी, की दोनच तोफा चालवता आल्या. पुन्हा गोळा भरायला वेळ मिळणार नव्हता, म्हणून प्रत्येकीला एकच संधी होती. दोन्ही गोळे अचूक लागले आणि जहाजाने पेट घेतला.

उरलेले काम शेजारच्या बेटावरील पाणतीरांच्या (टॉर्पेडोंच्या) गुप्त तळाने केले. खडकात खोदलेल्या या दालनात पाणतीर लोखंडी चौकटीत ठेवून पाण्याखाली उतरवत आणि तिथून सोडत असत. हा भाग घाईत पाहू नये. सुमारे चाळीस वर्षांपूर्वीचे ते पाणतीर त्या पहाटे जहाजावर आदळले आणि ‘ब्ल्यूखर’ काही तासांतच बुडाली.

दुसऱ्या दिवशी किल्ला शरण गेला. मात्र तोवर राजा सातवा हाकोन, मंत्रिमंडळ आणि संसद सदस्य ऑस्लोतून निसटले होते. बँकेतील सोन्याचा साठाही शत्रूच्या हाती लागला नाही.