पांढऱ्यातला तपशील

अंधेरीतल्या या स्टुडिओत छतापासून जमिनीपर्यंत पांढरा कागद सोडलेला आहे आणि त्याच्या सात-आठ फूट पुढे, पांढरी सुती साडी नेसलेली एक सावळी नर्तकी उभी आहे. तिचे छायाचित्र हाय की पद्धतीने घेतले जाणार आहे.

या पद्धतीत चित्राचा बहुतांश भाग उजळ छटांनी व्यापलेला असतो आणि सावल्या इतक्या सौम्य असतात की त्या चेहऱ्याला गोलाई देतात, पण कुठेही कठोर रेघ उमटवत नाहीत. त्यासाठी मुख्य दिव्याच्या विरुद्ध बाजूने जवळजवळ तेवढाच प्रकाश भरावा लागतो. मुंबईच्या सेटवर हे काम बहुधा थर्माकोलचा ताव करतो. मागच्या कागदावर स्वतंत्र दिवे असतात. ते चेहऱ्यावरील प्रकाशापेक्षा साधारण एक स्टॉप, म्हणजे दुप्पट, अधिक प्रखर ठेवले की कागद शुभ्र दिसतो. फारच वाढवले, तर मागून उसळलेला प्रकाश केसांच्या कडा खाऊन टाकतो आणि लेन्समध्ये शिरून सगळे चित्र फिकट करतो.

भरपूर एक्स्पोजर दिले, म्हणजे कॅमेऱ्यात भरपूर प्रकाश घेतला, की हाय की साधले, हा समज मात्र मनातून काढून टाकायला हवा. सावळा चेहरा उजळ पार्श्वभूमीवर सावळाच दिसला पाहिजे. एक्स्पोजर वाढवून त्वचा गोरी करणे म्हणजे समोरच्या माणसाची खोटी नोंद करणे होय, आणि जाहिरातींनी या सवयीला फार काळ थारा दिला. वास्तविक बुबुळे, काजळ, केसांचा काळेपणा हेच अशा चित्राचे आधार असतात. ते करडे पडले की नजरेला थांबायला जागाच उरत नाही.

स्टुडिओ नसला तरी पावसाळ्यातले ढगाळ आकाश पुरेसे असते. पांढरा पडदा लावलेल्या खिडकीकडे पाठ करून माणसाला बसवावे आणि समोरून थर्माकोलने प्रकाश परतवावा. कॅमेऱ्याचा प्रकाश मोजणारा मीटर समोरचे दृश्य सुमारे १८ टक्के परावर्तनाच्या करड्या छटेचे आहे असे धरून चालतो, त्यामुळे पांढरा पडदा त्याच्या हिशेबात करडा ठरतो. म्हणून एक ते दोन स्टॉप एक्स्पोजर जाणीवपूर्वक वाढवावे. हिस्टोग्राम, म्हणजे चित्रातील गडद-उजळ छटांचा आलेख, उजवीकडे, उजळ बाजूला झुकेल. तरीही चित्र मोठे करून कपड्याच्या चुण्या तपासाव्यात आणि त्या पुसल्या गेल्या असतील, तर एक्स्पोजर एक तृतीयांश स्टॉपने खाली आणून पुन्हा पाहावे.