बॅटरीतली पांढरी फिल्म

बॅटरीच्या कारखान्यात हा जो पांढरा रोल फिरताना दिसतो ना, तो कागद नाहीये, प्लास्टिक आहे. पॉलिएथिलीन, आपली दुधाची पिशवी ज्याची असते तेच, फक्त खूप वरच्या दर्जाचं. लिथियम आयन सेलमधे प्लस आणि मायनस इलेक्ट्रोडच्या मधे हे बसतं, नाव सेपरेटर, जाडी साधारण 10 ते 20 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). दोघांना एकमेकांना टेकू द्यायचं नाही पण लिथियमचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, मात्र आरपार सोडायचे, म्हणून फिल्मभर डोळ्याला न दिसणारी भोकं, चाळीसेक टक्के तर नुसती पोकळीच.

ही भोकं पाडतात कशी ते भारी आहे. प्लास्टिक पॅराफिन तेलात गरम करून एकजीव करायचं, त्याची शीट काढायची, आडवीउभी ताणायची आणि मग सॉल्व्हंटने, म्हणजे तेल विरघळवणाऱ्या द्रवाने, तेल धुऊन टाकायचं, जिथे तेल होतं तिथे भोक.

आता टेस्टिंग, म्हणजे फिल्मचा छळच. गर्ली टेस्टमधे 100 मिली हवा पार व्हायला किती सेकंद लागतात ते मोजतात. मग गोल टोकाची सुई दाबून बघतात कधी फाटते. आणि मग ओव्हन, खरी गंमत इथे आहे. 130-135 डिग्रीला पॉलिएथिलीन वितळायला लागतं, भोकं बुजतात, आयनचा रस्ता बंद, सेल गप्प. ह्याला शटडाऊन म्हणतात, ऐकायला मस्त वाटतं, पण तापमान वर चढतच राहिलं तर तीच फिल्म आक्रसते, कडेचे इलेक्ट्रोड उघडे पडतात आणि शॉर्ट. म्हणून कोणी दोन्ही बाजूंनी पॉलिप्रॉपिलीनचे थर देतं, ते 165च्या आसपास वितळतं, कोणी अॅल्युमिनाचं (अॅल्युमिनियम ऑक्साईडचं) सिरॅमिक कोटिंग मारतं. पण कोटिंग आलं की जाडी वाढली, आणि सेल बनवणारा तर एकेक मायक्रॉनसाठी भांडत असतो, त्याला तिथे जास्त चार्ज भरायचा असतो.

बरं, फिल्म चांगली असून भागत नाही. 2016 मधे सॅमसंगचे नोट 7 फोन पेटले, बदलून दिलेले फोनसुद्धा पेटले. जानेवारी 2017 मधे कंपनीने कारणं सांगितली, पहिल्या बॅटरीत कोपऱ्यात मायनस इलेक्ट्रोड वाकलेला, दुसरीत वेल्डिंगचे धारदार कंगोरे सेपरेटरमधून आरपार गेलेले. त्यानंतर त्यांनी बॅटरीसाठी जी आठ टप्प्यांची तपासणी लावली, तिच्यात एक्सरे पण आहे आणि बॅटरी उघडून आतलं वेल्डिंग बघणं पण.